शेजाऱ्याचं नखुरडं

वारुंगकोंडांग, चियांजुर
२९ मार्च १९९३

न्यी इमास,

अस्सलामु अलैकुम. ईदेला तुझ्याकडे गारुतला येणं जमलं नाही, म्हणून रीतीप्रमाणे या पत्रातूनच मागतो: वर्षभरातल्या दिसलेल्या आणि न दिसलेल्या सगळ्या चुकांची माफी असावी. दिसलेल्या चुका तुला पाठच असतील. न दिसलेल्या माझ्या हातून होत नाहीत असं माझं मत आहे, पण रीत ती रीत.

आता आनंदाची बातमी. बांडुंगच्या रेकॉर्डिंगवाल्यांनी तारीख दिली. चोवीस एप्रिल, शनिवार, सकाळी दहा. एकतीस वर्षं तू गातेस आणि मी तुझ्या डाव्या अंगाला बसून कचापी वाजवतो. किती लग्नं, किती सुंता, किती बारशी झाली आणि एकाही गाण्याची कॅसेट नाही! लोक मेल्यावर आपल्याला कसे ऐकणार? तूच म्हणाली होतीस ना, नातीसाठी एक तरी कॅसेट मागे ठेवायची आहे म्हणून? तर ती आता होणार. बासरीला आपला ओजो आहेच.

माझी तयारी झाली आहे. उजव्या तर्जनीचं माझं नख तुला ठाऊकच आहे. ते ठाऊक नसलेला माणूस या तालुक्यात उरलेला नाही, कारण मी कुणाला तशी संधीच दिली नाही. रोज खोबरेल चोळतो. अर्सिह म्हणते, "अबाह, या नखाचे एवढे लाड करता, आमच्या वाट्याला त्यातले निम्मे आले असते तर मी अजून वीस वर्षांची दिसले असते." बायको आहे, बोलायचीच. पण कचापीच्या अठरा तारांवर ते नख पडलं की चांदीचा रुपया फरशीवर पडल्यासारखा आवाज होतो, हे लग्नात मागच्या रांगेत बसलेले लोकही सांगतात.

एक किरकोळ गोष्ट विचारायची होती. आमच्या एका शेजाऱ्याला नखुरडं झालंय. ईदेच्या दुसऱ्या दिवशी तो मेहुण्याकडे गेला होता. समोर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ईदेला बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं नसतात, तांदळाच्या कुरडया असतात, हे त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला कळायला नको? पण आशा वाईट. झाकण घट्ट होतं, त्यानं ते नखानं उचकटलं. नख बाजूनं मुळापर्यंत तडकलं. आता कडेची कातडी लाल झालीय आणि ठणकतेय. तुझे यजमान दवाखान्यात कंपाउंडर होते, तुला चार गोष्टी माहीत असतील. बिचाऱ्याला काय सांगू?

तुझा
अदुंग

*

गारुत
३ एप्रिल १९९३

कांग अदुंग,

वालैकुम सलाम. माफी दिली, घेतली. तारीख कळली. मी येईन.

तुमच्या शेजाऱ्याला सांगा: सोसेल इतकंच कोमट पाणी भांड्यात घ्यायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि बोट पंधरा मिनिटं बुडवून गप्प बसायचं. दिवसातून तीन-चार वेळा. मग स्वच्छ फडक्यानं नीट कोरडं करायचं. नमाजाआधी हातपाय धुवायचे, दिवसाचं पाच वेळा वजू होतं, प्रत्येक वेळी बोट ओलं राहतं आणि दुखणं मुरतं. आमचे हे अर्ध्या गावाला हेच सांगत आणि अर्धं गाव ऐकत नसे. सुई टोचायची नाही, पिळायचं नाही, कडेची कातडी कातरायची नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, पू दिसला किंवा लाली वर चढायला लागली, तर घरचे उपाय बंद आणि सरळ आरोग्य केंद्र. शेजाऱ्याला साखरेचा आजार असेल तर दोन दिवससुद्धा थांबू नका.

आता माझं एक काम. ओजोला सांगा, साठ सेंटिमीटरची बासरी नको, बासष्टाची लांब, खालच्या सुराची बासरी आणायची. तुम्हीही तारा तेवढ्या उतरवून लावा. माझी एक विद्यार्थिनी रेकॉर्डिंगला माझ्यासोबत बसणार आहे. तिचा आवाज वरच्या सुरांना पोचत नाही. खालच्या पट्टीत तिला बरं पडेल.

अर्सिहताईंना सलाम. शेजाऱ्यालाही.

इमास

*

वारुंगकोंडांग
७ एप्रिल १९९३

न्यी इमास,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चवीनं नाही.

बासष्टाची बासरी! आयुष्यभर आपण साठावर गायलो-वाजवलो. ओजोला सांगितलं तर तो म्हणाला, "कांग, बासष्टाची लांब बासरी आता म्हातारे लोक मागतात. तुमच्यापैकी म्हातारं कोण झालं?" मला समजलं ना सगळं. तारा उतरवल्या की सैल होतात आणि सैल तारा दुखऱ्या बोटाला सोप्या जातात. कुणीतरी तुझ्या कानावर काहीतरी घातलंय आणि तू विद्यार्थिनीचं नाव पुढे करून माझ्यावर दया दाखवतेस. एकतीस वर्षांत मला कुणी दया दाखवलेली नाही, अर्सिहनं तर नाहीच. बासरी साठाचीच येईल. विद्यार्थिनीला म्हणावं, ऐकायला बस.

शेजाऱ्याचं म्हणशील तर तो तुझं ऐकतो, पण स्वतःची अक्कल थोडी जास्त वापरतो. मिठाचं पाणी केलं, पण पाणी जितकं कढत तितका गुण लवकर असं त्याला वाटलं. त्यात विड्याची पानं उकळली आणि बोट बुडवलं. आता नखुरडं आहेच, वर भाजलंयही. शिवाय नख तडकलेलं, ते हलतं. वाजवणाऱ्या माणसाला नख हललेलं कसं चालेल? (तोही थोडंफार वाजवतो.) म्हणून त्यानं तडकेवर रेशमी दोरा गुंडाळला आणि वरून चपला चिकटवायचा गोंद ओतला. आपले सगळे कचापीवाले नख तुटलं की असंच करतात, यात त्याचं काय चुकलं? फक्त गोंद जरा कातडीवरही गेला. नख दगडासारखं पक्कं झालंय. आतून मात्र कुणीतरी हातोडी मारतंय.

जेवायची पंचाईत. उजव्या हातानं भात कालवायला गेला तर मिरचीचा ठेचा नखात! अशी बोंब मारली की मशिदीतले लोक बाहेर आले. आता चमच्यानं जेवतो. गल्लीतली पोरं त्याला "डच साहेब" म्हणतात.

बोट अजून लाल आहे, पण तसं बरं आहे.

तुझा
अदुंग

*

गारुत
१० एप्रिल १९९३

कांग अदुंग,

पत्र आजच मिळालं, आजच उत्तर टाकते.

तुमच्या घराच्या एका बाजूला मशीद आहे आणि दुसऱ्या बाजूला भातशेत. एकतीस वर्षं मी तुमच्याकडे येते. हा वाजवणारा शेजारी कुठे राहतो? भातात?

जो कुणी असेल, त्याला सांगा: गोंदानं घाण आत कोंडली आहे. आतला पू बाहेर यायला वाट नाही, म्हणून तो आतच बोट खातोय. आता घरी काहीही करू नका. गोंद ओरबाडूही नका. पत्र वाचलं की चपला घालायच्या आणि आरोग्य केंद्रात जायचं. नख कापतील. कापू द्या. नख परत येतं, बोट येत नाही.

बासष्टाचं मी दयेपोटी लिहिलं नव्हतं. विद्यार्थिनीचं खरंच होत नाही. एवढं तरी माझं ऐका.

इमास

*

वारुंगकोंडांग
१५ एप्रिल १९९३

न्यी इमास,

अक्षराकडे बघू नकोस. लेखणी अंगठा आणि मधल्या बोटात धरली आहे. तर्जनी माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या पट्टीत गुंडाळून उभी आहे, नवरदेवाच्या ऐटीत.

शेजारी भातात राहत नाही. तो माझ्याच अंथरुणावर झोपतो, माझेच कपडे घालतो आणि त्याच्यासारखा गाढव मी जन्मात पाहिला नाही. आता खुशाल हस.

तुझं पत्र चौदाला आलं. अर्सिहनं वाचलं. मी "उद्या जातो" म्हणालो. ती काही बोलली नाही. माझ्या चपला आणून समोर ठेवल्या आणि दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात ती बोलते तेव्हा मी घाबरत नाही.

केंद्रात डॉक्टर नव्हते, सुईणबाई युयुन होत्या. म्हणजे मी बसलो पोटुशा बायकांच्या रांगेत, मांडीवर बोट ठेवून. शेजारची एक पोर विचारते, "काय आजोबा, कितवा महिना?" मी म्हणालो, "तिसरा आठवडा." सगळी रांग हसली. मीही हसलो असतो, पण हसताना बोट हलत होतं.

सुईणबाईंनी बोट उलटसुलट करून पाहिलं.

"हे वर काय चिकटवलंय?"

"गोंद."

"कसला?"

"चपलेचा."

"मग चांभाराकडे जायचं. माझ्याकडे कशाला आलात?"

मी म्हणालो, "बाई, काहीही करा, पण नख वाचवा. दहा दिवसांवर रेकॉर्डिंग आहे."

त्या म्हणाल्या, "आजोबा, दोघांपैकी एकालाच घरी नेता येईल. बोट नेता की नख?"

आणि खरं सांगतो इमास, मी क्षणभर विचार केला. सुईणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, अर्सिहकडे पाहिलं आणि अर्सिह म्हणाली, "बाई, विचारू नका. कापा."

इंजेक्शन दिलं, गोंद आणि दोरा मोकळा केला, नख कडेपासून उचलून कापलं. आतून जे निघालं ते लिहीत नाही, तू जेवत असशील. मग युयुनबाई मस्करी सोडून बोलल्या. "आणखी दोन दिवस थांबला असतात तर हाडापर्यंत गेलं असतं. मग बांडुंगला गेलाच असतात, पण ऑपरेशनला." घरी येईपर्यंत अर्सिहनं माझा दुसरा हात धरला होता. ती रडत होती आणि मला शिव्या देत होती, दोन्ही एकाच वेळी. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. सात दिवसांच्या गोळ्या आहेत, पट्टी रोज बदलायची आहे. ठणका पहिल्याच दिवशी गेला.

नख मी कागदात बांधून घरी आणलं. तंबाखूच्या डब्यात ठेवलंय.

आता कामाचं. आज दुपारी अर्सिह शेतावर गेल्यावर पट्टीबाहेरचं मधलं बोट तारेवर टेकवून पाहिलं. त्याला लांब नख कधीच नव्हतं. कसला आवाज आला सांगू? उशीवर टपली मारल्यासारखा. चांदीचा रुपया गेला. मागच्या रांगेचं सोड, मला स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं. तुझी आयुष्यातली एकच कॅसेट व्हायची आणि तिच्यात शेजारी बसून कुणीतरी उशा झोडतोय असं ऐकू येणार. मला ते सहन होणार नाही. सुमेदांगच्या कचापीवाल्या कांग एंजोचं नख माझ्याइतकं नाही, पण आहे. त्याला घेऊन जा. ओजोला मी सांगतो. चूक माझी, तारीख तुझी. ती वाया घालवू नकोस.

शरमिंदा,
अदुंग

*

गारुत
१८ एप्रिल १९९३

कांग अदुंग,

बोट वाचलं, अल्लाची कृपा. युयुनबाईंना आणि अर्सिहताईंना माझा सलाम सांगा, या क्रमानं नाही. जखम भरेपर्यंत पट्टीला पाणी लागू देऊ नका. वजूला पट्टीवरून नुसता ओला हात फिरवला तरी चालतो, आमच्या मौलवींना विचारून लिहिते आहे. गोळ्या पुऱ्या संपवा. बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी सोडायच्या नाहीत. तुम्ही सोडाल, म्हणून लिहिते.

या पाकिटात आणखी एक पत्र सापडेल, बारा एप्रिलचं. तुम्हाला लिहिलं होतं, टाकलं नव्हतं. ते एवढंच आहे:

"कांग, मी बांडुंगला येणार नाही. माझ्याऐवजी दुसरी गायिका घ्या. कारण विचारू नका."

आता न विचारता सांगते. विद्यार्थिनी कुणी नाही. तुमचा शेजारी जिथे राहतो तिथेच ती राहते.

दोन वर्षांपूर्वी मला मोठा खोकला झाला होता, आठवतं? तो गेला, पण जाताना आवाजाचं वरचं टोक घेऊन गेला. घरी स्वयंपाक करताना गाते तेव्हा गाणं होतं. बैठकीत तुमचं नख सुरू झालं की माझा आवाज माझ्याच कानाला ऐकू येत नाही. मग मी जोर लावते आणि तो फाटतो. गेल्या वर्षी तुमच्याकडे चियांजुरला एका लग्नात, त्या डोंगराच्या गाण्याचं तिसरं कडवं मी गायलेच नाही. नुसते ओठ हलवले. तुम्ही शेजारीच बसला होता. गाणं संपल्यावर म्हणालात, "आज काय सुरेख झालं!"

तुम्हाला कळलं नाही याचं मला बरं वाटलं. आणि घरी येऊन रडले, तेही त्याचसाठी.

सांगणार कसं? तुमच्या नखाला वाईट म्हणणारा माणूस त्या तालुक्यात नाही. तुम्ही कुणाला तशी संधीच दिली नाही.

एंजो नको. नख असलेला कुणीच नको. तुम्ही या, उशा झोडायला. ओजोला सांगा, बासष्टाची.

इमास

*

वारुंगकोंडांग
१९ सप्टेंबर १९९३

न्यी इमास,

कॅसेट परवा आली. बांडुंगवाल्यांनी पाच महिने लावले. एप्रिलमध्ये त्या खोलीतून बाहेर पडताना मी काहीच बोललो नाही, घाईघाईनं बस पकडली. तू मनाला लावून घेतलं असशील. आज बोलतो.

काल सकाळी अर्सिह आणि मी ओसरीवर टेप घेऊन बसलो. आधी आवाज मोठा केला, मागच्या रांगेला ऐकवायच्या सवयीनं. मग लक्षात आलं, तशी गरजच नाही. माझी कचापी कुठेतरी खाली पाण्यासारखी वाहतेय. उशा नाहीत गं, पाणी. आणि वर तू. आवाज बारीक, थोडा खरखरीत, पण प्रत्येक शब्द स्वच्छ, कानाशी बसून सांगितल्यासारखा.

डोंगराचं गाणं लागलं. आता हे लिहायची लाज वाटते, पण शेजाऱ्याच्या नावावर खपवायचे दिवस गेले. एकतीस वर्षं मी समजत होतो की ते गाणं डोंगराच्या कौतुकाचं आहे. केवढा उंच, केवढा मोठा, असं काहीतरी. वाजवताना मी छाती काढूनच वाजवायचो. तिसऱ्या कडव्यात गाण्यातली मुलगी डोंगराला म्हणते, तू फार मोठा आहेस, ठाऊक आहे, पण जरा बाजूला सरक, मला माझ्या आईचं घर दिसू दे.

अर्सिहनं टेप थांबवला. म्हणाली, "अबाह, ही इतकी वर्षं हे गात होती?"

मी म्हणालो, "हो." जणू मला ठाऊकच होतं.

"मग मला कधी ऐकू कसं आलं नाही?"

उत्तर तुला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. ती आत गेली, टेप उलटा फिरवून तिसरं कडवं मी पुन्हा लावलं. चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी आतून अर्सिह पण म्हणायला लागली. मला रडू आलं, इमास.

आता नखाचं. पाच महिन्यांत ते पुरं परत आलं. पहिल्यापेक्षा सरळ, गुलाबी, टणक. गल्लीतले लोक थांबून बघतात. ओजो म्हणाला, "कांग, राजा गादीवर परतला." मी महिनाभर पुन्हा खोबरेल चोळलं, खोटं कशाला बोलू? गेल्या शुक्रवारी एका साखरपुड्यात त्याच्यानं वाजवलं. मागच्या रांगेनं वाहवा केली. तो आवाज मला अजूनही आवडतो. फार आवडतो.

आज सकाळी मी बोट कोमट पाण्यात बुडवलं, कोरडं केलं आणि कात्री मागितली. अर्सिहला वाटलं पुन्हा पिकलं, धावत आली. मी म्हणालो, काही झालं नाही. युयुनबाईंनी शिकवलं होतं तसं कापलं, सरळ, बोटाच्या मांसाबरोबर, कडा न कोरता. यावेळी कागदात बांधून ठेवलं नाही. अर्सिहनं झाडून टाकलं.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे गारुतला त्या लग्नात वाजवायला येतोय. ओजोजवळ बासष्टाची बासरी आहे. तुझ्या डाव्या अंगाला बसतो तसाच बसेन, पण हातभर मागे सरकून.

ईदेला अजून सहा महिने आहेत आणि रीत सोडून वागायची मला सवय नाही. पण ती ईदेची माफी मी नुसती रीत म्हणून मागितली होती. गेल्या वर्षीच्या त्या तिसऱ्या कडव्याची माफी आज मागतो.

तुझा
अदुंग